गाडी कोणती घ्यायची, हे ठरवतो कोण?

पेट्रोल महागले की वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून एक ठराविक चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, लोकांनी काटकसर करावी. कोणी म्हणतो, भाव वाढूनही गाड्यांची विक्री कुठे थांबली? म्हणजे लोकांच्या हाती पैसा आहे. मोटार कंपन्यांचे म्हणणे तर असे की, भारतीय ग्राहकाची आवडच बदलली. त्याला आता छोटी गाडी नको, उंच आणि दांडगी गाडी हवी. पुराव्यादाखल विक्रीचे आकडे पुढे केले जातात. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी मोटारी विकल्या गेल्या आणि त्यांतील ६५ टक्के एसयूव्ही व तत्सम 'युटिलिटी' वर्गातील होत्या. आकडे खरे आहेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ खोटा आहे.

गाडी चालवण्याचा खर्च वाढला की माणूस लहान गाडीकडे वळतो, असा बाहेरचा अनुभव आहे. १९७३ साली अरब देशांनी तेलाची कोंडी केली, अमेरिकेत पंपांसमोर रांगा लागल्या आणि लांबलचक, पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांच्या त्या देशात जपानच्या छोट्या होंडा-टोयोटांनी पाय रोवले. मग आपल्याकडे उलटे का घडले? खर्च वाढत गेला आणि छोटी गाडीच मागे पडली, हे कसे? उत्तर सरळ आहे. जो छोटी गाडी घेणार होता, तोच बाजारातून बाहेर फेकला गेला. उरला तो, ज्याला पेट्रोलच्या भावाने फरक पडत नाही. त्या उरलेल्याची आवड ही 'देशाची आवड' म्हणून आपल्याला सांगितली जात आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार देशातील शंभरापैकी साधारण आठ कुटुंबांकडे कार आहे. दुचाकी आहे ती निम्म्या कुटुंबांकडे. देशाची आवड मोजायचीच असेल तर ती या निम्म्यांना विचारली पाहिजे.

कोणी म्हणेल, गाडी हा काय आपल्या चळवळीचा विषय आहे? महागाई, शिक्षण, आरक्षण, अत्याचार हे सोडून मोटारीची चर्चा कशाला? ज्यांना असे वाटते त्यांनी बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणी पुन्हा वाचाव्यात. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा त्यांची जात कळताच एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि तेही गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार, या अटीवर. पुढे १९२९ साली परदेशातून उच्च पदव्या घेऊन आलेल्या, सरकारी समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांना चाळीसगावात टांगेवाल्यांनी नकार दिला. वस्तीतल्या माणसाने सवय नसताना टांगा हाकला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. वाहन कोणाचे, हाकणार कोण आणि भाडे किती, हा प्रश्न आपल्यासाठी चैनीचा कधीच नव्हता. पहिल्या पिढीत नोकरीला लागलेला शिक्षक, बँकेतला कारकून, महापालिकेतला कर्मचारी जेव्हा जुनी का होईना, चारचाकी दारात उभी करतो, तेव्हा त्यामागे या दुप्पट भाड्याचा इतिहास असतो. म्हणूनच त्याने कोणती गाडी घ्यावी हे कोण आणि कसे ठरवते, याची चिकित्सा झाली पाहिजे.

त्यासाठी डिझेलच्या गाड्यांचे प्रकरण तपासू. जून २०१० मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलचे भाव नियंत्रणमुक्त केले, डिझेलचे मात्र रोखून धरले. डिझेलवर ट्रक चालतात, एसटी चालते, शेतकऱ्याचा पंप आणि ट्रॅक्टर चालतो, म्हणून ते स्वस्त ठेवायचे, असे कारण दिले गेले. कारण योग्यच होते. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका फटक्यात साडेसात रुपयांनी महागले आणि दोन्ही इंधनांतील फरक लिटरमागे तीस रुपयांच्या घरात गेला. मग काय झाले? ज्यांना डिझेल गाडीचे जादा लाखभर रुपये आगाऊ मोजणे परवडत होते, त्यांनी धडाधड डिझेल गाड्या घेतल्या. अवजड एसयूव्ही तर बहुतेक डिझेलवरच होत्या. शेतकऱ्याच्या नावाने दिलेली सवलत बंगल्यासमोरच्या गाडीच्या टाकीत ओतली गेली. ज्याच्याकडे तो जादा लाख नव्हता, तो जुन्या मारुतीत महाग पेट्रोल भरत राहिला.

याहून संतापजनक गोष्ट पुढे आहे आणि ती फारशी कोणाला आठवत नाही. जानेवारी २०१३ मध्ये सरकारने ठरवले की घाऊक ग्राहकांना डिझेलवर सवलत मिळणार नाही. घाऊक ग्राहक कोण? रेल्वे, राज्यांची परिवहन महामंडळे! म्हणजे पन्नास प्रवाशांना घेऊन जाणाऱ्या लाल एसटीने बाजारभावाने डिझेल घ्यायचे आणि एकट्या मालकाला घेऊन जाणाऱ्या एसयूव्हीने कोपऱ्यावरच्या पंपावर सवलतीचे घ्यायचे. अनेक राज्यांच्या महामंडळांवर आपल्या बस खाजगी पंपांवर नेऊन उभ्या करण्याची पाळी आली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले आणि हा तमाशा थांबला असे वाटले. पण मार्च २०२२ मध्ये पुन्हा तेच. मुंबईत पंपावर डिझेल ९४ रुपये आणि घाऊक ग्राहकाला १२२ रुपये! त्या वेळी आपले एसटी कामगार विलीनीकरणाच्या मागणीसाठी महिनोन्महिने संपावर होते आणि महामंडळ तोट्यात का जाते, यावर शहाणी मंडळी लेख लिहीत होती.

भावातील फरक मिटत गेला तशी डिझेल गाड्यांची लाटही ओसरली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ ची मानके लागू झाली आणि देशातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने, मारुतीने, डिझेल गाड्या बनवणेच बंद केले. हीच माणसे, हेच रस्ते. दहा वर्षांत त्यांची 'आवड' पेट्रोलवरून डिझेलवर आणि डिझेलवरून पुन्हा पेट्रोलवर कशी गेली? ती भावाच्या तक्त्याप्रमाणे गेली.

आता छोट्या गाडीकडे येऊ. मारुती ८०० ही १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. स्कूटरवर चौघे बसलेले कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून टाटांनी २००८ मध्ये लाख रुपयांच्या नॅनोची घोषणा केली. २००९ मध्ये ती बाजारात आली आणि दहा वर्षांच्या आत संपली. 'गरिबांची गाडी' असा शिक्का असलेली वस्तू विकत घ्यायला गरीबही धजत नाही, हे जाहिरातवाल्यांना कळले नाही. आपल्या समाजातल्या कोणत्याही माणसाने ते एका वाक्यात सांगितले असते. त्यानंतर खर्चाचे एकेक ओझे वाढत गेले. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारचा तीन वर्षांचा आणि दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच भरणे सक्तीचे झाले. मग बीएस-६ आले. मग दोन एअरबॅग सक्तीच्या झाल्या. या सुधारणांना आमचा विरोध नाही. गरिबाचा जीव स्वस्त नाही आणि धुराने आधी झोपडपट्टीतलीच फुप्फुसे काळी होतात. पण सुरक्षिततेचा खर्च वाढवताना करात सवलत द्यायला कोणी अडवले होते? चार-पाच लाखांच्या गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर, हे २०१७ पासून आठ वर्षे चालले. मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव हे काही आमच्या विचाराचे गृहस्थ नव्हेत. पण दुचाकीवरून चारचाकीवर येऊ पाहणाऱ्या ग्राहकाला छोटी गाडी परवडेनाशी झाली, हे त्यांनीही वारंवार सांगितले आहे.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी छोट्या गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आणला गेला. स्वागत आहे. मात्र त्याच दिवशी मोठ्या एसयूव्हीवरील उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० टक्क्यांवर आला, हे ढोल बडवणाऱ्यांनी हळू आवाजात सांगितले. हिशेब करून पाहा. पाच लाखांच्या पेट्रोल गाडीमागे सुमारे ४३ हजार वाचले आणि वीस लाखांच्या एसयूव्हीमागे सुमारे १ लाख ३३ हजार. दिवाळी कोणाची मोठी झाली?

गाडी एकदाच घ्यायची असते, पेट्रोल मात्र रोज. पेट्रोलवरील केंद्राचा उत्पादन शुल्क हा लिटरमागे ठरलेला आकडा असतो. लिटर कोणाच्या टाकीत जातो, हे तो पाहत नाही. एप्रिल २०२० मध्ये जग टाळेबंदीत असताना कच्चे तेल पिंपाला २० डॉलरच्या आसपास कोसळले होते. त्याचा लाभ लोकांना देण्याऐवजी मे २०२० मध्ये सरकारने पेट्रोलवरील शुल्क लिटरमागे ३२ रुपये ९८ पैशांवर नेले. वर्षभराने, मे २०२१ अखेरीस, मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच आणि मे २०२२ मध्ये आठ रुपये कमी केले. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा दोन वाढवले. आता हे पेट्रोल जाळतो कोण? पेट्रोलियम मंत्रालयाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पंपावरच्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकीवाले घेत होते आणि ३४ टक्के कारवाले. म्हणजे पेट्रोलवरील कराचा मोठा बोजा मोटारवाल्यांवर पडतो, ही समजूत भ्रामक आहे. तो दूधवाल्यावर, विमा एजंटवर, घरोघरी जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या पोरावर, पाळीवरून परतणाऱ्या नर्सवर पडतो. शंभराचे पेट्रोल टाकून आठवडा काढणारा माणूस कोणती कार घ्यायची हा विचार करत नाही. आहे ती मोटारसायकल आणखी किती वर्षे ओढायची, हा त्याचा विचार असतो.

ओढणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक भर आली आहे, ती २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात म्हटले होते की, अशा मिश्रणासाठी न बनलेल्या जुन्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी आणि जुन्या दुचाकींचे तीन-चार टक्क्यांनी घटेल. नव्या गाड्यांत ही घट नगण्य आहे. ज्याच्याकडे नवी गाडी घ्यायला पैसे नाहीत, त्यालाच लिटरमागे कमी किलोमीटर मिळणार. ऊस उत्पादकाचे भले होत असेल तर जरूर व्हावे, पण त्याचे पैसे जुनी स्प्लेंडर चालवणाऱ्याच्या खिशातून का?

मग सामान्य माणूस काय करतो? तो सीएनजीकडे वळतो. मुंबई-पुणे-नाशिक पट्ट्यात टॅक्सी-रिक्षावाल्यांनी ही वाट केव्हाच धरली होती, आता घरगुती गाडीवालाही त्याच रांगेत उभा असतो. डिकी सिलिंडरने व्यापली जाते, गावाला जाताना बोचकी मांडीवर घ्यावी लागतात, पंपावर तास मोडतो; तरी तो सीएनजीच घेतो. महाराष्ट्र सरकारने या काटकसरी माणसाला काय दिले? २०२५ च्या अर्थसंकल्पात सीएनजीच्या खाजगी चारचाकींवरील मोटार वाहन कर एक टक्क्याने वाढवला. त्याच अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला होता. पर्यावरणाच्या नावाने ओरड झाली आणि महिनाही उलटायच्या आत तो मागे घेतला गेला. सीएनजीची वाढ मात्र १ जुलै २०२५ पासून लागू झाली. तीस लाखांच्या गाडीवाल्याचे गाऱ्हाणे मंत्रालयात पोहोचते, सहा-सात लाखांच्या गाडीवाल्याचे पोहोचत नाही.

विजेच्या गाडीचा चालवण्याचा खर्च सर्वांत कमी, हे खरेच आहे. पण ती रात्री चार्ज करायला स्वतःची पार्किंगची जागा लागते. बीडीडी चाळीत, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत, गावच्या वस्तीतल्या बोळात ही जागा कुठे आहे? स्वस्त इंधन आहे, पण ते ज्याच्याकडे आधीच जागा आहे त्याच्यासाठी.

रस्त्यांचेही तेच. मुंबईचा सागरी किनारा मार्ग २०२४ साली सुरू झाला. हजारो कोटी खर्चलेल्या या रस्त्यावर मोटारींना टोल नाही, पण मोटारसायकल आणि रिक्षाला प्रवेशच नाही. अटल सेतूवरही या दोघांना मज्जाव आहे. सुरक्षिततेचे कारण दिले जाते आणि ते अगदीच निराधार नाही. पण सर्वांच्या पैशाने बांधलेल्या रस्त्यावर बहुसंख्यांचे वाहन चालू नये, असा आराखडा काढताना कोणाची लेखणी अडखळली नाही, हे लक्षात ठेवावे. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या मोटारींचा टोल माफ केला. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. पुढच्या जानेवारीत एसटीचे भाडे जवळपास १५ टक्क्यांनी वाढले आणि ९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. मोटारवाल्याला माफी आणि बसवाल्याला दुप्पट भाडे! बस महाग झाली, तिच्या फेऱ्या कमी झाल्या, की माणूस कर्ज काढून दुचाकी घेतो. मग त्यालाही 'वाहन विक्रीतील वाढ' म्हणून टाळ्या मिळतात.

हे सगळे असले तरी आपल्या घरात गाडी घ्यायचा विषय निघतो आणि निघणारच. तेव्हा काही हिशेब कागदावर मांडावा. शोरूमवाला हप्ता सांगतो, चालवण्याचा खर्च सांगत नाही. सोप्या गणितासाठी पेट्रोल १०४ रुपये आणि सीएनजी ८० रुपये धरू. शहरात पेट्रोलची गाडी लिटरला १६ किलोमीटर आणि सीएनजीची किलोला २४ किलोमीटर देते असे धरू. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला पेट्रोलचे साडेसहा हजार लागतील आणि सीएनजीचे सुमारे ३३००. सीएनजी गाडीसाठी मोजलेले जादा ९०-९५ हजार अडीच वर्षांत वसूल. पण महिन्याला तीनशेच किलोमीटर फिरणाऱ्याला तेच वसूल व्हायला आठ वर्षे लागतील. शेजाऱ्याने सीएनजी घेतली म्हणून आपणही घ्यायची, असे करू नये.

आता पूर्ण हिशेब. सहा लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे ९८०० रुपये. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरलात तर पेट्रोल ३२५०. विमा, सर्व्हिसिंग आणि पार्किंग मिळून महिन्याला ३८५० धरा. बेरीज १६ हजार ९००, म्हणजे किलोमीटरला जवळपास ३४ रुपये. फेब्रुवारी २०२५ मध्ये ठरलेल्या दराने मुंबईत रिक्षा किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे घेते. हीच गाडी सीएनजीची घेऊन, कर्ज सात लाख धरून, महिन्याला हजार किलोमीटर चालवली तर खर्च किलोमीटरला साडेअठरा रुपयांच्या आसपास येतो, आणि रिक्षात तिघे बसतात, गाडीत पाच. आजारी आईला दवाखान्यात न्यायचे असते, रात्रीची पाळी असते, गावी शेवटची एसटी सातला निघून गेलेली असते, अशा घरांना हा साडेअठराचा आकडा लागू होतो. फक्त रविवारी फिरायला आणि लग्नकार्यात मिरवायला गाडी हवी असेल, तर त्यांचा आकडा चौतीसच्याही पुढे जातो.